आबासाहेबांनी पसंत केलेली बिअर

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या असं मला सांगण्यात आलं, तेव्हा घरात जरा गडबड उडाली. सूनबाई म्हणाली, "बाबा, दुकानात होतो एवढंच लिहा ना. कशाचं दुकान ते कशाला?" नातवाला मात्र फार मजा वाटली. "आजोबा, लिखो लिखो, पूरा लिखो," म्हणाला. म्हणून पूरा लिहितो आहे. मी आयुष्यभर ग्वाल्हेरात विलायती दारूच्या दुकानात नोकरी केली, आणि त्यातही माझ्याकडे खातं होतं बिअरचं.

हे माझ्या नशिबी यायचं काही कारण नव्हतं. आमचं घर शिंदे की छावनीतलं. वडील संस्थानच्या फौजेत रिसालदार, आजोबाही फौजेतच. मी घोड्यावर बसायला शिकलो होतो आणि दुसरं काहीच शिकलो नव्हतो. मग संस्थान विलीन झालं. काही पलटणी भारताच्या सैन्यात गेल्या, काही मोडल्या, आणि वडिलांचा रिसाला मोडलेल्यांत होता. घोडे कुठे गेले ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. वडील सकाळी उठून दाढी करून, कपडे करून ओट्यावर बसत आणि जेवायची वेळ झाली की कपडे बदलत.

त्या दिवसांत सगळीच गोंधळाची हवा होती. आधी आम्ही ग्वाल्हेरचे होतो, मग मध्यभारताचे झालो, पुढे मध्यप्रदेशाचे. मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे आणि उन्हाळ्यात इंदूरला. ऊन तापायला लागलं की कचेऱ्या ट्रंकांत भरून निघत, कारकून बायकामुलांसकट स्टेशनावर बसलेले दिसत. ज्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सुभा म्हणत होतो तो अधिकारी कलेक्टर झाला. कुठल्या कामाला कुठे जायचं हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक नसे. "कल आइए" एवढं उत्तर मात्र पक्कं होतं.

अशा वेळी धनबाईंनी मला कामावर ठेवलं. धनबाई पारशी होत्या, विधवा. पाटणकर बाजाराच्या टोकाला त्यांच्या यजमानांनी काढलेलं दुकान त्या एकट्या चालवत. यजमानांची आणि वडिलांची ओळख होती, तेवढ्यावर त्यांनी मला बोलावलं. आईनं शेजारी सांगितलं, "किराण्याच्या दुकानात लागलाय." वडील त्या दिवशी जेवणाच्या वेळेनंतरही कपडे न बदलता बसून राहिले, हे माझ्या लक्षात आहे.

आता धंद्याबद्दल थोडं सांगतो, कारण वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांना वाटतं की दारूचं दुकान म्हणजे बाटली द्यायची आणि पैसे घ्यायचे. व्हिस्की-ब्रँडीचं तसंच असतं. ती बाटलीत वर्षानुवर्षं राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. बिअर मात्र दुधाच्या जातीची. तिला ऊन लागता कामा नये, उजेड लागता कामा नये, फार दिवस ठेवता कामा नये. आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा तर तुम्हाला ठाऊकच आहे. त्या काळी बिअर गवताच्या वेष्टणात गुंडाळून, लाकडी खोक्यांत भरून, मालगाडीनं येई. वाटेत डबा कुठल्या यार्डात किती दिवस तापत उभा राहील याचा नेम नसे. खोकं आमच्याकडे उघडेपर्यंत आतल्या मालाचं काय झालं असेल ते देवच जाणे.

पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पहिल्यांदा बिअर चाखली ती दुकानाच्या तळघरातली. आंबूस, वर ओल्या पोत्यासारखा वास. मला वाटलं, हिची चव हीच. लोक ती पितात कशाला हे कळेना, पण लोक तर तंबाखूही खातात.

त्या तळघरात रावळपिंडीकडच्या बिअरचा पुष्कळ माल पडून होता. फाळणीनंतर तिकडून नवा माल येणं बंद झालं आणि इकडे तो पिणारे गोरे साहेब एकाएकी गाशा गुंडाळून गेले. माल राहिला आणि त्यानं बरेच उन्हाळे पाहिले. बाटली उजेडात धरली तर तळाशी गाळ दिसायचा. तो माल नियमानं घेणारं गिऱ्हाईक एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे आबासाहेब.

आबासाहेबांचं आडनाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं गावात आहेत. दरबारातले सरदार. संस्थान गेलं तशी दरबारातली जागा गेली, मग जहागीर गेली, मग घोडागाडी गेली. पण डोक्यावरची पगडी आणि बोलण्यातली ऐट तशीच होती. दर शनिवारी संध्याकाळी ते येत. मी मुजरा करी. "रिसालदारांचे चिरंजीव ना तुम्ही? बरे आहेत ना वडील?" असं दर वेळी विचारत, आणि खुर्चीवर बसून एक बाटली तिथेच पीत. त्यांच्याकडे पाहून मला वाटे, ज्या अर्थी हे इतक्या चवीनं पितात त्या अर्थी ही उत्तम बिअर असणार. इतर गिऱ्हाइकं ती परत आणून देत. एका गिरणीतले मॅनेजर तर म्हणाले, "यह क्या सिरका बेच रहे हो?" मी एकाचं ऐकावं की दुसऱ्याचं?

एकदा मी धनबाईंना हे विचारलं. त्यांनी कधी थेंबही घेतला नव्हता. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतो, दिकरा? इथे बसून बसून तुला काय कळणार? जा, लोक कुठे कुठे पितात ते बघ. पिऊन बघ. मग ये आणि मला सांग."

हा हुकूम पाळायला मी निघालो. ग्वाल्हेर स्टेशनच्या उपाहारगृहात बसलो. मुरारच्या छावणीत वडिलांच्या ओळखीनं एका मेसच्या मागच्या दारी उभा राहून चाखली. दोन्हीकडे बिअर निराळी लागली, आणि आमच्यासारखी कुठेच नाही. मग कोणीतरी म्हणालं, झाशीला जा, रेल्वेवाल्यांच्या वस्तीत एक बार आहे, तिथली बघ.

तो बार म्हणजे एक लांबट खोली होती. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि गार्ड ड्युटीवरून सुटून तिथे येत. बारवर एक लठ्ठ, गोरेगोमटे गृहस्थ होते, फर्नांडिस नावाचे. मी हिंदीत सांगितलं की दुकानात कामाला आहे आणि चांगली बिअर कशी असते ते बघायला आलोय. ते हसले नाहीत. त्यांनी पेला धुतला, उलटा करून निथळू दिला, बर्फाच्या पेटीतून बाटली काढली आणि पेला तिरका धरून सावकाश ओतली. वर दोन बोटं पांढरा फेस उभा राहिला. म्हणाले, "लखनऊ की है. ताज़ी. पहले सूँघो."

वास ताज्या पावाचा होता. घोट घेतला, तर आधी भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं काहीतरी लागलं आणि मागून स्वच्छ कडवटपणा आला, मेथीसारखा. आंबूसपणा नव्हता. जीभ धुतल्यासारखी झाली. मी दुसरा घोट घेतला आणि मला एकदम आबासाहेबांची आठवण झाली. ते इतकी वर्षं काय पीत होते?

परत येऊन मी धनबाईंना सांगितलं, "बाई, आपल्याकडची बिअर खराब आहे. सगळी."

त्यांनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाल्या, "ती चांगली वाली इथे आणता येईल का?"

हिवाळ्यात आणता येईल, असं मी सांगितलं. त्यांनी हातातल्या दोन सोन्याच्या बांगड्या मोडल्या आणि लखनौहून झाशीमार्गे ताजा माल मागवला. तळघरात आम्ही वाळू पसरली, तिच्यावर रोज पाणी मारलं, खिडक्यांना खसाचे म्हणजे वाळ्याचे पडदे लावले. माल आला. गिरणीच्या मॅनेजरांनी एक बाटली प्यायली आणि जाताना सहा नेल्या. रेल्वेचे लोक येऊ लागले, दवाखान्यातले एक डॉक्टर येऊ लागले. दुकान चालायला लागलं.

फक्त आबासाहेबांना ती आवडली नाही. एक घोट घेऊन त्यांनी पेला बाजूला ठेवला. "हे काय पाणचट? आमची ती आणा," म्हणाले. मी त्यांना समजावू लागलो की ती बिघडलेली आहे. तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तळघरात जाऊन जुनी बाटली घेऊन आलो.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या वर्षी थंडी ओसरता ओसरता आबकारी खात्याचे नवे इन्स्पेक्टर इंदूरहून आले. सबनीस साहेब. आपल्यातलेच, स्वभावानं सज्जन, पण घाबरलेले. त्यांच्या टेबलावर ग्वाल्हेरचे नियम, इंदूरचे नियम आणि दोन्ही एकत्र करून तयार होणारे अर्धवट नियम असे तिन्ही पडलेले असत. बिघडलेला माल जप्त करून नष्ट करायचा असा हुकूम त्यांना मिळाला होता. ते आमच्या तळघरात उतरले आणि दोन प्रकारची बिअर बघून थबकले.

"एक चांगली आणि एक खराब? मग खराब कोणती?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही विक्रेते. तुमचं कसं धरणार? मी तर कधी घेतलेली नाही. पंच बोलवा."

बाजारातले एक कापडाचे व्यापारी आले, त्यांनी पेल्याला हात लावायलाही नकार दिला. "सरदार साहब जो कहेंगे, वही मेरी राय," एवढं बोलून ते मोकळे झाले. सरदार साहब म्हणजे अर्थात आबासाहेब. शनिवार होता, ते आलेच होते. सबनीसांनी त्यांना आदरानं खुर्ची दिली आणि दोन पेले पुढे ठेवले.

आबासाहेबांनी दोन्ही चाखले. मी जिन्याशी उभा होतो. माझ्या मनात आलं, आता ओळखतील, समोरासमोर ठेवल्यावर कोणालाही कळेल. त्यांनी जुन्या बिअरच्या पेल्याकडे बोट दाखवलं. "ही चांगली. आम्ही तीस वर्षं हीच घेतोय. ती दुसरी बाद."

"नक्की?"

"सबनीस, आमचा शब्द आहे."

सबनीसांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आला. त्यांनी ताज्या मालाची खोकी उचलून नेली आणि लगेच ओतून टाकायचा धीर न झाल्यानं आबकारीच्या आवारात, पत्र्याच्या शेडमध्ये सीलबंद करून ठेवली.

राग कोणाचा करायचा? सबनीस नियमानं वागले होते. आबासाहेब खोटं बोलले नव्हते, त्यांना जे वाटलं ते त्यांनी सांगितलं होतं. मग चूक होती कोणाची? माझ्याच जिभेवरचा माझा विश्वास उडाला. मी तळघरात जाऊन जुनी बाटली उघडली, पुन्हा चाखली. आंबूसच लागली. पण झाशीच्या एका खोलीत एका माणसानं सांगितलं म्हणून तर मला तसं वाटत नसेल?

सबनीसांकडे मी खेपा घातल्या. ते वैतागून म्हणाले, "अहो, मी वर विचारणा केली आहे. पण कचेरी आता इंदूरला हलणार. उत्तर यायचं ते परत आल्यावरच, म्हणजे पावसाळ्यानंतर."

"साहेब, तोवर पत्र्याखाली त्या मालाचं काय होईल?"

"मला खरंच कळत नाही हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खरा होता की मीच त्यांना पाणी आणून दिलं.

पुढच्या शनिवारी आबासाहेब नेहमीप्रमाणे आले. धनबाईंनी स्वतः उठून त्यांची जुनी बाटली उघडली. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण खाली बाटली आणायला मी गेलो तेव्हा तळघराचं दार उघडं राहिलं होतं, आणि आबासाहेबांना आतली रिकामी वाळू दिसली.

"माल कुठे गेला, बाई?"

"जप्त केला, आबासाहेब."

"सोडवून आणणार ना?"

धनबाई आवराआवर करत म्हणाल्या, "आता काय सुटते? त्याच्यात सगळं घातलेलं. बघू. मुंबईला भावाकडे जाईन बहुतेक."

आबासाहेबांनी पेला खाली ठेवला. "आमच्या सांगण्यामुळे?"

"तुम्ही तुम्हाला वाटलं ते सांगितलं," धनबाई म्हणाल्या. "तुमच्यावर राग नाही. खरंच नाही."

बाटली अर्धी तशीच होती. आबासाहेब काठी घेऊन उठले आणि मला म्हणाले, "चला, टांगा बोलवा."

"कुठे, आबासाहेब?"

"सबनीसांकडे."

टांग्यात मी धीर करून म्हणालो, "आबासाहेब, तुम्ही काही खोटं सांगितलं नव्हतं. मग आता काय सांगणार?"

"ते मी बघतो," ते म्हणाले.

कचेरीत ट्रंका भरणं चाललं होतं. कारकून सुतळ्या आवळत होते, जमिनीवर कागदांचे ढीग. सबनीस धावत उठले, खुर्चीवरच्या फायली काढून त्यांनी आबासाहेबांना जागा करून दिली. आबासाहेब बसले नाहीत.

"सबनीस, त्या दिवशी आम्ही चुकलो. ताजी ती चांगली आहे. जुनी खराब."

सबनीस गोंधळले. "पण आबासाहेब, तुम्ही तर शब्द दिला होता."

"दिला होता. तो परत घेतो."

सुतळ्या आवळणाऱ्या कारकुनांनी माना वर केल्या. ग्वाल्हेरात सरदारानं शब्द परत घेणं म्हणजे काय, हे तिथल्या म्हाताऱ्या कारकुनांना कळत होतं. या माणसाकडून एकेक करून सगळं गेलं होतं, आणि उरलेलं एवढंच तो स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवत होता. तेही एका पारशी बाईच्या दुकानासाठी.

सबनीस बिचारे म्हणाले, "मग तुम्ही पुन्हा एकदा चाखून सांगाल का? म्हणजे मला लिहिता येईल."

शेडमधून एक बाटली आणली. उन्हानं कोमट झालेली. माझ्या मनात आलं, आता हिचंही काही खरं नाही. आबासाहेबांनी उभ्या उभ्या पूर्ण पेला प्यायला. चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. पेला ठेवून ते म्हणाले, "उत्तम आहे."

"आणि जुन्या मालाचं काय करायचं?"

इथे मात्र ते थांबले. मग म्हणाले, "ती टाकून द्या."

त्याच संध्याकाळी आमची खोकी सुटली. पत्र्याखाली तापल्यानं काही बाटल्या गेल्याच होत्या, पण बहुतेक माल शाबूत होता. तो मी तळघरात ओल्या वाळूवर लावला. दुसऱ्या दिवशी सबनीसांसमोर जुना माल दुकानामागच्या नाल्यात ओतला. एकेक बाटली उघडून मी ओतत होतो, आंबूस वासानं गल्ली भरून गेली. बाजारातली पोरं नाक धरून हसत होती. आबासाहेब काठीवर दोन्ही हात ठेवून शेवटपर्यंत उभे होते. धनबाई त्यांना खुर्ची आणून देत होत्या, त्यांनी नको म्हणून मान हलवली.

सबनीस इंदूरला गेले, पुढे परत आले, मग कचेरीच भोपाळला गेली आणि तेही गेले. त्यांनी वर केलेल्या विचारणेचं उत्तर कधी आलंच नाही. धनबाई मुंबईला गेल्या नाहीत. दर हिवाळ्यात ताजा माल आणू लागल्या, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चांगली बिअर कुठे मिळते हे विचारलं की लोक आमचंच दुकान सांगू लागले. आई शेजारी "किराणा" म्हणायची थांबली. वडील एकदा दुकानात येऊन गेले. कपडे करून आले होते.

आबासाहेबांचा शनिवार चुकला नाही. ते येत, वडिलांची चौकशी करत आणि ताजी बाटली मागत. मी पेला तिरका धरून, फेस नीट उभा करून देई. ते ती पूर्ण पीत. मी नोकरीभर हजारो लोकांचे चेहरे बिअर पिताना पाहिले, कोणाला आवडली आणि कोण उगीच पितोय हे मला लांबून ओळखता येऊ लागलं. आबासाहेबांचं मात्र कधी ओळखता आलं नाही. त्यांची जीभ खरंच बदलली होती की ते दर शनिवारी आमच्यासाठी तो पेला रिकामा करत होते? धनबाई म्हणत, "आवडते रे त्यांना. नाहीतर कोण पिईल?" मला पटत नसे.

बऱ्याच वर्षांनी, राज्याची पुन्हा नवी मांडणी होऊन भोपाळ राजधानी झाल्यावर, एका शनिवारी दुकानात दुसरं कोणी नव्हतं. ते खूप थकले होते, पेला दोन्ही हातांनी धरत. मला राहवलं नाही. मी विचारलं, "आबासाहेब, खरं सांगा. ही तुम्हाला आवडते का?"

त्यांनी पेल्यातला फेस बसू दिला, घोट घेतला आणि माझ्याकडे जरा नवलानंच पाहिलं.

"चांगलीच आहे ती," ते म्हणाले. "सबनीसांना आम्ही तसं सांगितलंय ना."